फास कुणाच्या हातात?

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात गझल शिकवत होतो. शेरात ‘दाम’ हा शब्द आला. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “सर, दाम म्हणजे किंमत ना? मग किमतीत परिंदा कसा अडकला?”

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न चांगला होता. उर्दूत ‘दाम’ दोन आहेत आणि दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. एक बाजारातला, म्हणजे किंमत. दुसरा फारसीतून आलेला, म्हणजे जाळं, फास. गझलेत हा दुसरा दाम पावलोपावली भेटतो. सोबत दाना असतो, सय्याद असतो, क़फ़स असतो. मी हे फळ्यावर लिहीत होतो, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “म्हणजे फासकी, सर!”

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना फासकी समजावून सांगावी लागत नाही. बागेच्या किंवा भातशेतीच्या कडेला, रानडुकराच्या वाटेवर, मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फास लावतात. तारेचं दुसरं टोक झाडाला बांधलेलं असतं. डुक्कर आलं तर डुक्कर अडकतं, पण तार काही ओळख विचारत नाही. भेकर अडकतं, कुत्रा अडकतो आणि दर काही महिन्यांनी ‘फासकीत अडकलेला बिबट्या’ अशी बातमी येते. त्या मुलाने असा बिबट्या पाहिला होता. कमरेत तार रुतलेली होती, असं त्याने सांगितलं आणि वर्ग गप्प झाला.

घरी आल्यावर मला माझे मामू आठवले. माझ्या लहानपणी ते सशांसाठी फासक्या लावायचे. संध्याकाळी लावायच्या आणि फजरच्या नमाजनंतर बघायला जायचं. ससा जिवंत सापडला तर जिबह करून घरी आणायचे. एका सकाळी ससा फासातच मेलेला होता. मामूंनी तो ओढ्याकाठी टाकला. कारण सरळ होतं. कुरआनच्या सूरह माइदामध्ये जे खाणं हराम ठरवलं आहे, त्यात ‘मुन्खनिका’ आहे, म्हणजे गळा आवळला जाऊन मेलेलं जनावर. मामूंनी शरीअतचा हुकूम पाळला होता. पण नानीने त्यांना विचारलं, की खाणं हराम झालं म्हणून तू ते टाकलंस, पण रात्रभर त्याने तडफडून जीव सोडला, तो हिशेब कुठे लिहायचा? मामूंकडे उत्तर नव्हतं. तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

नानीचा हा प्रश्न जगात आणखी कुणी विचारला होता का, हे शोधताना मी इंग्लंडच्या इतिहासात शिरलो. तिथे सापळे आणि फास बंद करण्याची मोहीम दीडशेहून अधिक वर्षं चालली आहे. त्या मोहिमेतून प्राण्यांविषयी शिकायला मिळतं, त्याहून जास्त माणसांविषयी आणि कायद्याविषयी मिळतं.

माणसांसाठीचे सापळे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या रानात सापळे फक्त जनावरांसाठी नसत. लोखंडी दातांचे मोठे सापळे माणसांसाठीही लावलेले असत. तारेला पाय लागला की आपोआप उडणाऱ्या बंदुकाही असत. ससा किंवा तितर चोरायला येणाऱ्या गरीब माणसासाठी हा बंदोबस्त होता. १८२७ मध्ये कायदा करून हे माणसांचे सापळे बंद करावे लागले.

पण लगेच पुढच्या वर्षी, १८२८ मध्ये, रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्ध कायदा आला. त्यात तिसऱ्यांदा पकडल्या गेलेल्या माणसाला ७ वर्षांसाठी समुद्रापार पाठवण्याची शिक्षा होती. ज्या काळात मजुराच्या घरी मांस शिजणं ही चैन होती, त्या काळात सशासाठी लावलेला तारेचा फास माणसाला देशोधडीला लावू शकत होता. त्याच रानात जमीनदाराचा राखणदार कोल्ह्यासाठी, मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्यांसाठी, कधी शेजारच्या मांजरासाठी फास आणि सापळे लावत असे. ती मात्र त्याची नोकरी होती. वस्तू एकच होती. गुन्हा कुठला आणि काम कुठलं, हे ती कुणाच्या हातात आहे त्यावरून ठरत होतं.

प्राणीदयेच्या कायद्यांचीही सुरुवात अशीच झाली. आयरिश खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने १८२२ मध्ये गुरं, घोडे, मेंढ्या यांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. हीच पुढे राणी व्हिक्टोरियाच्या परवानगीने ‘रॉयल’ झाली आणि आज आरएसपीसीए म्हणून ओळखली जाते. मार्टिन हे मनापासून दयाळू गृहस्थ होते, यात शंका नाही. पण या कायद्याखाली कोर्टात कोण उभं राहिलं? गाडीवान, गुरं हाकणारे, गाढवावर भाजी लादणारे. १८३५ मध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचा आणि कोंबड्यांच्या झुंजीचा खेळ बंद झाला. हे खेळ बहुतेक गावगाड्यातल्या माणसांचे होते. घोड्यावर बसून, कुत्र्यांचा तांडा सोडून कोल्ह्याची शिकार करणं हा सरदार-जमीनदारांचा खेळ होता. तो इंग्लंड आणि वेल्समध्ये बंद करणारा कायदा यायला २००४ साल उजाडलं.

चाबूक रस्त्यावर दिसतो. रात्री रानात मिटलेला सापळा कुणाला दिसत नाही. आणि तो ज्याच्या रानात असतो, तोच पार्लमेंटात बसलेला असतो.

डार्विन दांपत्याचं पत्रक

ही गोष्ट मोठ्याने बोलून दाखवली ती एका नवरा-बायकोने. चार्ल्स डार्विन आपल्याला उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे माहीत आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी एमा केंट परगण्यातल्या डाउन या गावी राहत. १८६३ मध्ये दोघांनी मिळून लोखंडी दातांच्या ‘गिन’ सापळ्याविरुद्ध आवाहनाचं एक छोटं पत्रक काढलं. ते लिहिण्यात मोठा वाटा एमांचा होता. त्याच वर्षी हाच मजकूर बागकामाच्या एका नामांकित साप्ताहिकात छापून आला.

पत्रकातला मुद्दा साधा आणि बोचरा होता. आपल्यासमोर एखादं जनावर तडफडत असेल तर इंग्लंडमधला सभ्य गृहस्थ धावून जाईल. पण त्याच गृहस्थाच्या रानात, त्याच्याच परवानगीने, रोज रात्री जनावरं पाय चिरडलेल्या अवस्थेत सकाळची वाट बघत पडलेली असतात आणि तो घरात निवांत झोपलेला असतो. तो क्रूर नाही, तो फक्त तिथे हजर नाही.

हे वाचताना मला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली मांजरीची हदीस आठवली. आपल्यापैकी प्रत्येकाने ती मदरशात किंवा जुम्म्याच्या बयानात ऐकलेली आहे. एका बाईला एका मांजरीमुळे अजाब झाला. तिने मांजरीला सुरी लावली नव्हती, दगड मारला नव्हता. तिने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिलं नाही आणि स्वतःचं काही शोधून खायला सोडलंही नाही. मांजर मेली. गुन्हा एवढाच होता, की एका जिवाला अडकवलं आणि पाठ फिरवली. फासकीचाही गुन्हा हाच आहे. बंदूक चालवणाऱ्याला निदान समोर उभं राहावं लागतं. फासकी लावणारा त्या वेळी घरी जेवत असतो.

डार्विन दांपत्याच्या मोहिमेतून पैसे गोळा झाले. कमी यातना देणारा सापळा बनवेल त्याच्यासाठी आरएसपीसीएने बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये नव्या सापळ्यांचं प्रदर्शनही भरलं. पण गिन सापळा जागचा हलला नाही. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि सगळ्यांच्या सवयीचा होता. वर्गातल्या मुलीचा पहिला दाम इथे दुसऱ्या दामाला येऊन भेटतो.

९५ वर्षांची वाट

१९११ च्या कायद्याने सशांसाठी लावलेला सापळा दिवसातून एकदा तरी तपासण्याची सक्ती केली. एकदा! संध्याकाळी अडकलेल्या जनावरासाठी एक रात्र किती मोठी असते, याचं उत्तर त्यात नव्हतं. १९२६ मध्ये मेजर चार्ल्स ह्यूम यांनी लंडन विद्यापीठात प्राणीकल्याणाची एक संस्था सुरू केली. गिन सापळ्याविरुद्धचं काम तिने चिकाटीने चालवलं. ह्यूम यांचा मार्ग मला शिक्षक म्हणून आवडतो. त्यांना नुसता कळवळा पुरेसा वाटत नव्हता. शेतकऱ्याचं पीक ससे खरोखर फस्त करतात, हे त्यांना मान्य होतं. म्हणून सापळ्याऐवजी दुसरं काय करता येईल, हे शास्त्रीय पद्धतीने दाखवण्यावर त्यांचा भर होता.

१९५१ मध्ये सरकारी समितीने गिन सापळा जावा असं म्हटलं. १९५४ मध्ये कायदा झाला आणि ३१ जुलै १९५८ पासून इंग्लंड-वेल्समध्ये गिन सापळा बंद झाला. डार्विन दांपत्याच्या पत्रकाला तोवर ९५ वर्षं झाली होती. स्कॉटलंडमध्ये तो पूर्णपणे जायला १९७३ साल लागलं.

मात्र हा नुसता दयेचा विजय होता असं म्हणता येत नाही. १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि दोन वर्षांत तिथले बहुतेक ससे मेले. डोळे सुजून, आंधळे होऊन, रस्त्याकडेला बसल्याजागी ससे मरत होते. सापळे लावून सशांचा धंदा करणाऱ्यांकडे पकडायला ससेच उरले नाहीत. सापळ्याच्या बाजूने बोलणारा आवाज त्यामुळेही क्षीण झाला. काही शेतकरी आजारी ससे मुद्दाम दुसऱ्या रानात नेऊन सोडत होते. तेव्हा सापळा बंद करणाऱ्या त्याच १९५४ च्या कायद्यात रोग मुद्दाम पसरवणं हाही गुन्हा ठरवावा लागला. एक यातना कायद्याने दाराबाहेर काढली, तोवर दुसरी खिडकीतून आत आली होती.

उरलेली तार

लोखंडी दात गेले तरी तारेचा फास राहिला. १९८१ च्या कायद्याने आवळल्यावर सैल न होणारा फास बंद केला. सैल होणारा चालू राहिला, दिवसातून एकदा तपासण्याच्या अटीवर. त्यात बिज्जू, पाणमांजर, पाळीव मांजरं आणि हरणं अडकत राहिली. प्राणीकल्याणाच्या संस्थांनी पुढची चाळीस वर्षं यावर काम केलं. अडकलेल्या जनावरांच्या नोंदी जमवल्या, पशुवैद्यांची मतं घेतली, अर्ज-विनंत्या केल्या. स्कॉटलंडने २०११ च्या कायद्याने फास लावणाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रत्येक फासावर ओळखक्रमांक सक्तीचा केला. मग वेल्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून फास पूर्ण बंद केला. २०२४ मध्ये स्कॉटलंडनेही तेच केलं.

शेवटच्या टप्प्यात फासाच्या बाजूच्या मंडळींनी एक गंमत केली. सुधारलेल्या फासाला ‘मानवीय केबल-बंधन’ असं नवं नाव देऊन तेवढ्यापुरती सवलत मागितली. स्कॉटलंडच्या सरकारने ती दिली नाही. भाषा शिकवणाऱ्या माणसाला यात बरंच सापडतं. वस्तूचं नाव बदलायला लागले, की समजावं, तिच्या जुन्या नावाची लाज वाटू लागली आहे.

त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असंही नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं कोल्हे खातात, कोकरं उचलतात. राखणदाराला त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. पण १८६३ पासून प्रश्न बंदोबस्त करावा की नाही असा नव्हताच. प्रश्न असा होता, की आपल्या सोयीची किंमत दुसऱ्या जिवाच्या रात्रीने चुकवायची का.

इथे माणसांना बांधलं

आता आपल्या मुलखाकडे येऊ, कारण ब्रिटिशांच्या या गोष्टीची दुसरी बाजू इथे आहे. महाराष्ट्रात एका जमातीचं नावच फासावरून पडलं आहे, फासेपारधी. तितर, लावे, ससे, हरणं फास लावून पकडायची, गावोगाव विकायची, पिकाला त्रास देणारं जनावर शेतकऱ्याला पकडून द्यायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं होतं.

१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. डार्विन यांच्या पत्रकानंतर आठ वर्षांनी. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा काही जातींत गुन्हा हाच वंशपरंपरेचा धंदा असतो, अशी या कायद्यामागची समजूत होती. हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याची पकड बसली. फासेपारध्यांची नावं त्या यादीत गेली. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. काहींना कुटुंबकबिल्यासह सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. जन्मलेलं मूल गुन्हेगार म्हणूनच जन्माला येत होतं.

मला ही जोड विसरता येत नाही. मायदेशात लॉर्डसाहेबांच्या रानातला सापळा बंद करायला ब्रिटिशांना ९५ वर्षं लागली, आणि त्या सगळ्या काळात सापळा लावणाऱ्या लॉर्डांच्या जमातीला कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. म्हणायलाही नको होतं. बंदी आली ती वस्तूवर आली, कृतीवर आली. इथे मात्र अख्ख्या माणसांनाच फास लावला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण चोरी झाली की आधी पारध्याचं पाल उलटंपालटं करायची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास लावणं हा शिकारीचा गुन्हा ठरवला. जनावरांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण ज्यांचं पोट त्या फासावर होतं, त्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं, याची तेवढी घाई कुणाला नव्हती. ह्यूम यांनी शेतकऱ्यासाठी पर्याय शोधला होता, पारध्यासाठी तो शोधायचा राहून गेला.

आपण काय करायचं

हे मी मुस्लिम वाचकांसमोर का मांडतोय? कारण ‘प्राणीदया’ हा शब्द कानावर आला, की आपल्या मोहल्ल्यात माणसं आधी सावध होतात. बोलणारा जनावराविषयी बोलतोय की आपल्याविषयी, हे आधी पाहिलं जातं. ही सावधगिरी उगाच आलेली नाही. पण तिचा एक तोटा झाला आहे. रहमचा विषय आपण दुसऱ्यांच्या हवाली करून टाकला आहे, जणू तो आपला नव्हताच. जिबह करताना सुरीला नीट धार लावा, जनावराला त्रास कमी होऊ द्या, असं ज्या दीनने शिकवलं, त्याच्या माणसांनी या विषयात गप्प बसावं, हे मला पटत नाही.

इंग्लंडच्या इतिहासातून मी एक कसोटी घेतली आहे. दयेचा कायदा किंवा दयेची मोहीम कृतीला हात घालते की माणसांच्या नावाला, हे बघायचं. कृतीला घालत असेल तर आपण तिच्यासोबत असलं पाहिजे, मग ती कृती आपल्या मामूंची का असेना. एखाद्या जमातीच्या नावाला घालत असेल, तर ती पारध्यांविरुद्ध असो की आपल्याविरुद्ध, तिला दया म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना घरी फासकीबद्दल विचारून यायला सांगितलं. बिबट्या पाहिलेल्या मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला, की एका रात्रीत डुकरं अर्धं भात लोळवून जातात, सरांनी एकदा येऊन बघावं. मी गेलो आणि पाहिलं. त्यांचं नुकसान खरं आहे. त्यांना क्रूर म्हणणं मला शक्य नाही. सौरकुंपणाची माहिती, भरपाईचा अर्ज कसा भरायचा, हे मी शाळेच्या संगणकावर काढून त्यांना नेऊन दिलं. अर्ज मराठीत आम्ही दोघांनी बसून भरला. फासकी काढली का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

मामू आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. परवा फोनवर त्यांना त्या सशाची आठवण करून दिली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझी नानी गेल्यावरही मी कधी लावली नाही रे.”